मार्ग क्रमांक तीन

“ही सायकल कुठं पडली असन, सांग बरं,” बाबांनी विचारलं आणि एक वाकडं पायडल माझ्या हातात ठेवलं.

मी ते उलटसुलट करून पाहिलं. डाव्या बाजूचं होतं. बाहेरच्या कडेला पांढरट ओरखडे उमटले होते.

“काय माहीत, बाबा. कुठंही पडली असेल.”

“कुठंई नाही. डावं पायडल वाकलं अन् त्याले शिमिट लागलं, म्हणजे तहशिलीपासच्या गटारावर पडली. मागून जीप येते, पोरगी डाव्या अंगाले दबते, अन् तिथं गटाराचं झाकण रस्त्याच्या चार बोटं वर हाय. या म्हयन्यातलं तिसरं हाय हे.”

गुरांच्या दवाखान्याच्या भिंतीला लागून नऊ टपऱ्या होत्या. त्यातली चौथी आमची. बाहेर पत्र्यावर बाबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ‘सरकटे सायकल दुरुस्ती’. मी सहावीत असल्यापासून ती पाटी तशीच होती. या टपरीवर माझी दहावी झाली, बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं. आणि आता मी जांभोऱ्याच्या नगरपरिषदेत कंत्राटी अभियंता म्हणून लागले होते. वय सव्वीस.

त्या वर्षीच्या डिसेंबरात शिवणी नाक्यावर टँकरनं आठवीतल्या एका मुलीला उडवलं होतं. शिवणीहून शाळेत येत होती, शासनाच्या योजनेतल्या सायकलीवर. दवाखान्यात पोचायच्या आधीच गेली. आमच्या गावाच्या मधोमध राज्य महामार्ग जातो आणि आसपासच्या सहा खेड्यांतल्या पोरी रोज त्याच रस्त्यानं शाळेला येतात. नवीन आलेले मुख्याधिकारी भोयर साहेब त्या मुलीच्या घरी जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पोरांना महामार्गाला पाय न लावता शाळेत पोचता यावं असे सायकलीचे मार्ग सगळ्या गावातून आखायचे. तीन महिन्यांत आराखडा पाहिजे.

कॉलेजात असलं काही शिकवलेलं नव्हतं. रस्ता म्हणजे गाड्यांचा रस्ता, एवढंच आम्हाला ठाऊक. मी चार दिवस चौकात उभी राहून सायकली मोजल्या आणि वैतागून टपरीवर येऊन बसले, तेव्हा बाबांनी ते पायडल माझ्या हातात दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गावाचा नकाशाच घेऊन आले. टपरीच्या फळीवर पसरला. बाबांनी हात पुसले, चष्मा लावला आणि बराच वेळ नुसतं पाहत राहिले. नकाशा त्यांनी कधी वाचला नव्हता. मग बस स्टँड सापडलं, मारुतीचं देऊळ सापडलं आणि तिथून पुढं त्यांचं बोट आपोआप चालायला लागलं.

“इथं पुढच्या चाकात आऊट येते, चाक डुलते. खड्डा हाय, पाण्यात दिसत नाही. इथं साखळी तुटते, चढ हाय. अन् इथं,” त्यांनी बाजार गल्लीच्या तोंडावर बोट टेकवलं, “इथं पोट्टे ट्रकच्या आडून येतात अन् हँडलच वाकवून आणतात.”

ते सांगत होते आणि मी लाल पेन्सिलीनं ठिपके देत होते. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस ठिपके झाले. शेजारच्या टपरीतले सुलेमानचाचा शिवणयंत्र थांबवून मधूनमधून डोकावत होते.

“किसनभाऊ, पोरीच्या ऑफिसनं तुमाले पगार द्यायले पाहिजे,” ते म्हणाले.

बाबा हसले. “पोरगी देते ना. रोज डबा आणते.”

माझ्या आराखड्याची सुरुवात ही अशी झाली. पुढं भोयर साहेबांनी त्या ठिपक्यांच्या नकाशाचं सगळ्या सभेत कौतुक केलं. जिल्ह्यातून लोक तो बघायला आले. माहिती कुठून गोळा केली असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी ‘स्थानिक कारागीर’ असं सांगितलं.

पाच मार्ग ठरले. चार मार्गांबद्दल काही वाद नव्हता. तिसरा मार्ग शिवणी नाक्यापासून शाळेपर्यंतचा. ज्या मुलीमुळे हे सगळं सुरू झालं, तिचा मार्ग. तो नेण्यासाठी दोन वाटा होत्या. एक गुरांच्या दवाखान्याच्या भिंतीलगत, सरळ. दुसरी कापसाच्या जिनिंगच्या मागून, नाल्याच्या काठानं, मग लहान पुलावरून शाळेच्या मागच्या फाटकाशी. दुसरी जेमतेम दीडशे मीटर लांब पडत होती.

एका रविवारी सकाळी बाबा आणि मी दोन्ही वाटांनी सायकलीनं जाऊन आलो. बाबा त्यांच्या काळ्या सायकलीवर पुढं, मी मागं. नाल्याच्या काठाला बाभळी होत्या, वाट सपाट होती. पुलावर बाबा पाय टेकून थांबले, खाली पाणी बघितलं, पलीकडून एक म्हातारा बैल घेऊन आला त्याला वाट दिली.

“कसं वाटते?” मी विचारलं.

“दोन्ही चांगल्या हायत. तू पाहून घे. तू शिकेल हाय.”

भिंतीलगतच्या वाटेनं गेलं तर नऊ टपऱ्या उठवाव्या लागणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. ते त्याबद्दल बोलले नाहीत. मीही बोलले नाही. परत येताना त्यांनी देवळापाशी थांबून माझ्यासाठी गरम जिलबी घेतली, लहानपणी घ्यायचे तशी.

सोमवारी ऑफिसात मी नाल्याकडची वाट नकाशावर काढत बसले होते. आरेखक बोचरे काका मागं येऊन उभे राहिले. तीस वर्षं त्याच टेबलावर काढलेला माणूस. वाईट नव्हता. त्याला फक्त बोलायची सवय होती.

“नाल्याकडून नेता का, मॅडम? बरं केलं,” ते म्हणाले. “भिंतीकडून सरळ होती म्हणा. पण आपल्या माणसाचं कोण मोडते?”

समोरचे दोघे कारकून हसले. मोठ्यानं नाही, पण हसले.

“तांत्रिक कारण आहे, काका,” मी म्हटलं.

“असते ना. तांत्रिक कारण तर असतेच.”

दुपारी स्थायी समितीच्या एका सदस्यानं जिन्यात मला हटकून विचारलं, “सरकटे टपरीवाले तुमचे कोण?” मी सांगितलं. “अस्सं,” म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. आमच्या वस्तीतून इंजिनियर होऊन नगरपरिषदेत बसलेली मी पहिलीच. कंत्राटी असले तरी त्या खुर्चीवर माझ्याकडे कोण कोणत्या नजरेनं बघतं, हे मला रोज कळत होतं. त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

बुधवारी मी भोयर साहेबांना दोन्ही पर्यायांचा तुलनेचा तक्ता दिला. शिफारस केली होती पर्याय पहिला, भिंतीलगतची वाट. त्यांनी तक्ता वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं.

“पूल अरुंद आहे नाल्यावरचा?”

“हो सर.”

“या टपऱ्यांमध्ये तुमच्या वडिलांची आहे ना?”

“हो सर.”

साहेब खुर्चीतून उठले. “मी दहा वर्षं नोकरी करतो आहे, विशाखा मॅडम. असं करणारं माणूस मी पाहिलं नाही.”

केबिनच्या बाहेर बोचरे काका फाइल घेऊन उभे होते. त्यांनी मला वाट दिली आणि मान खाली घातली. मला अजून आठवतं, त्या दिवशी जिना उतरताना माझे पाय अगदी हलके पडत होते.

नोटीस शिपायाकडे द्यायची पद्धत होती. मी म्हटलं, मी स्वतः नेऊन देते.

भर दुपार होती. बाबा चाक उलटं टांगून आऊट काढत होते. एकेक तार ताणायची, चाक फिरवायचं, डोळा बारीक करून पाहायचं. मी नोटीस हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. वाचताना त्यांचे ओठ हलायचे.

“पंधरा दिवस,” ते म्हणाले.

“हरकत घेता येते, बाबा. सुनावणी आहे. पर्यायी जागेचा पण विचार चालू आहे.”

“कुठं?”

“ते अजून ठरायचं आहे.”

त्यांनी चाक पुन्हा फिरवलं. ते थांबेपर्यंत बघत राहिले.

“नाल्याकडून नाही जमलं?”

एवढंच विचारलं त्यांनी. आवाजात तक्रार नव्हती.

“तिथला पूल अरुंद आहे,” मी म्हटलं. “जेमतेम सहा फूट. दोन्हीकडून पोरी आल्या तर एखादी खाली जाईल. मोजलं मी.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग नोटिशीची घडी घालून ती खिशात ठेवली.

“बरं,” ते म्हणाले. “जेवली का तू?”

सुनावणीला नऊच्या नऊ टपरीवाले आले होते. चप्पलवाली गंगूबाई रडत होती. पानवाला तावातावानं बोलत होता, कोर्टात जाऊ म्हणत होता. सुलेमानचाचा गळ्यातला टेप बोटाला गुंडाळत होते. भोयर साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि त्या मेलेल्या मुलीबद्दल सांगितलं. मग ते म्हणाले, “कोणाची लेखी हरकत असेल तर द्या. नसेल तर या कागदावर सही करा.”

कोणी हललं नाही. मी साहेबांच्या डाव्या हाताला बसले होते, समोर बघायची हिंमत नव्हती. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा पुढं आले. त्यांनी पेन घेतला आणि ‘हरकत नाही’च्या समोर सावकाश सही केली, किसन रामजी सरकटे. त्यांच्या मागून सुलेमानचाचा आले. मग बाकीचे. पानवाला जाताना म्हणाला, “खुद्द इंजिनियरच्या बापानं सही केली, मग आता काय बोलायचं?”

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टपऱ्या उठल्या. सकाळी आठला यंत्र येणार होतं. मी सातला गेले, तर बाबांनी टपरी आधीच खोलायला घेतली होती. त्यांच्याच पान्यानं, एकेक नट सोडवत. पत्रे रचून ठेवले होते. नट डब्यात टाकत होते. मी मदतीला हात पुढं केला.

“तू जाय,” ते म्हणाले. “तुह्या ऑफिसची माणसं येतीन. बरं नाही दिसत.”

यंत्र आलं तेव्हा आमच्या जागेवर चार खड्डे आणि तेलाचा काळा डाग एवढंच उरलं होतं. बाकीच्या टपऱ्या यंत्रानं काढल्या. गंगूबाईच्या टपरीचा खांब मोडला तेव्हा झालेला आवाज अजूनही कधी कधी माझ्या कानात येतो.

जुलैत भोयर साहेबांची बदली झाली. जायच्या आधी त्यांनी माझ्यासाठी एक चांगलं पत्र लिहून दिलं. त्याच वर्षी मी परीक्षा पास होऊन पश्चिमेकडच्या एका मोठ्या शहरात कायम नोकरीला लागले. मुलाखतीत जांभोऱ्याच्या आराखड्याबद्दलच विचारलं होतं.

आराखड्यातला पहिला मार्ग झाला. दुसरा अर्धा झाला. नवीन मुख्याधिकाऱ्यांना त्यात रस नव्हता. तिसऱ्या मार्गासाठी मोकळी केलेली जागा वर्षभर तशीच पडून राहिली, मग तिथं काळीपिवळी जीपगाड्या उभ्या राहायला लागल्या. पुढं त्याचा रीतसर जीप स्टँडच झाला. शिवणीच्या पोरी महामार्गानंच येत राहिल्या. पर्यायी जागा कोणाला मिळाली नाही.

बाबांनी काही दिवस घराच्या अंगणात काम केलं. पण आमचं घर गावाच्या पार टोकाला, आमची गल्ली कोणाच्या वाटेत नाही. पंक्चर झालेली सायकल ढकलत तेवढं कोण येतं? सहा महिन्यांत काम बंद झालं. माय फोनवर सांगायची, “सकाळी उठून तयार होतात अन् दारात बसतात. कोनी आलं नाही की बाराला शर्ट काढून ठेवतात.” मी म्हणायची, त्यांना इकडं पाठव. ते आले नाहीत. फोनवर मात्र दर वेळी तेच विचारायचे, “जेवली का?” आणि मी हो म्हटलं की फोन मायकडे द्यायचे.

मी खोटं बोलले होते. पूल मी मोजला होता हे खरं होतं. सोमवारी दुपारी, ऑफिसातून निघून एकटीनं, ऑफिसच्या टेपनं. कठड्यापासून कठड्यापर्यंत दोन मीटर नव्वद. अडीच मीटर लागतात. बुधवारच्या तक्त्यात मी एक मीटर नव्वद लिहिलं. एक आकडा बदलला. कोणी तपासला नाही. पोरींसाठी दोन्ही वाटा सारख्याच होत्या. बोचरे काका हसू नयेत, जिन्यात कोणी हटकू नये, एवढ्यासाठी मी नऊ टपऱ्या मोडल्या. आणि मग तेच बाबांच्या तोंडावर सांगितलं.

बाबा तीन वर्षांनी गेले. झोपेतच. मी पोचले तेव्हा त्यांना अंगणात आणून ठेवलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात कार्यक्रम झाला. लोक जेवून गेले. सुलेमानचाचा मात्र आमच्या अंगणात एकटेच खुर्चीवर बसून होते. टपरी गेल्यावर ते एका तयार कपड्यांच्या दुकानात बसून पँटी आखूड करून द्यायचे. डोळ्याला जाड चष्मा लागला होता. मी त्यांच्यासमोर चटईवर बसले.

“चाचा,” मी म्हटलं, “मला तुम्हाला एक सांगायचं आहे. बाबांना सांगायचं राहून गेलं.”

“बोल बेटा.”

“तो नाल्यावरचा पूल. तो अरुंद नव्हता.”

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

“साडेनऊ फूट,” ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणाले.

“तू नोटीस दिली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी किसनभाऊ आला माह्याकडे. म्हणे, तुहा टेप घे, चाल. माहा टेप पाच फुटाचा. एक टोक त्यानं धरलं, एक मी. एकदा पुरा, अन् वर साडेचार फूट. त्यानं पुन्हा मोजाले लावलं. दोन वेळा मोजला बेटा आमी तो पूल.”

अंगणात माय भांडी गोळा करत होती. भांड्यांचा आवाज येत होता.

“मी म्हटलं, किसनभाऊ, मंग पोरगी खोटं काऊन बोलली? तो बसला तिथंच कठड्यावर. लय वेळ बसला. मंग म्हणे, भेली असन. लोक काही बोलले असतीन ऑफिसात. एकटी हाय तिथं.” चाचांनी चष्मा पुन्हा डोळ्याला लावला. “म्हणे, तिनं सही करून दिलं हाय साहेबाले. आता आपण टेप घेऊन गेलो तर तिची नोकरी जाते. तू कोणाले सांगू नको. कोणी विचारलं तर म्हण, पूल अरुंद हाय.”

“आणि तुम्ही सही केलीत.”

“केली.”

“तुमचं पण दुकान होतं ना, चाचा.”

त्यांनी हात गुडघ्यावर ठेवले.

“मला का नाही बोलले ते?” मी विचारलं. “तीन वर्षं होती. एकदा तरी बोलायचं. शिव्या द्यायच्या.”

“मी म्हटलं होतं त्याले. म्हटलं, तिले सांग एक दिवस, तुहं मन हलकं होईन. तो म्हणे, नाही सुलेमान. तिले समजलं की मले माहीत हाय, तर ती मंग मायबापाच्या घरी यायची नाही. लाजेनं यायची नाही.”

चाचा उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि फाटक ओढून घेऊन निघून गेले.

मी चटईवर बसून राहिले. नोकरीला लागल्यापासून मी घरी किती वेळा आले होते ते आठवायला लागले. पहिल्या दिवाळीला आले होते, दोन दिवस. मावसबहिणीच्या लग्नाला आले होते, त्याच संध्याकाळी परत गेले होते. बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा येते म्हटलं होतं, मग काम निघालं.

आणखी एखादी वेळ असेल म्हणून मी खूप आठवून पाहिलं. नव्हती.